कोपऱ्यातली नऊ खोकी

आमच्या पॅकिंगच्या खोलीत, खिडकीखालच्या कोपऱ्यात नऊ खोकी आहेत. सहा वर्षांपूर्वी मी तैवानमध्ये, ताइचुंगच्या या कारखान्यात रुजू झालो तेव्हा अकरा होती. आत सायकलचे स्टेम आहेत. स्टेम म्हणजे हँडल आणि पुढचा चिमटा यांना जोडणारा मुठीएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. अट्टल सायकलवाला सोडला तर त्याच्याकडे कुणी बघतही नाही. या खोक्यांतला माल आणि रोज कंटेनरमधून युरोपला जाणारा माल यांत काडीचा फरक नाही. धातू तोच, मशीन तीच, माणसं तीच. फरक पडतो तो शेवटच्या टेबलावर, लेझरखाली. रोजच्या मालावर गिऱ्हाइकांची नावं कोरली जातात. या खोक्यांतल्या स्टेमवर आमच्या मालकांच्या ब्रँडचं नाव आहे.

कॉलेजच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर वाद पेटला की मला ही खोकी आठवतात. दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी तोच प्रश्न टाकतो : 'मेक इन इंडिया' २०१४ साली जाहीर झालं, आता तर आयफोनही आपल्याकडे बनतात, मग जगानं ओळखावा असा आपला ब्रँड का नाही? लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आपल्या मालात दम नाही. दुसरा म्हणतो, माल उत्तम आहे, आपल्याला स्वतःची टिमकी वाजवता येत नाही. मग हमखास सोनीचा किस्सा येतो. १९५५ साली बुलोव्हा या अमेरिकी कंपनीनं एक लाख ट्रान्झिस्टर रेडिओंची ऑर्डर देऊ केली, अट एकच, वर नाव बुलोव्हाचं. सोनीचे सहसंस्थापक अकिओ मोरितांनी ती नाकारली. किस्सा खरा आहे. पण तो मोरितांना सांगता आला, कारण ते टिकले. अशीच ऑर्डर नाकारून ज्यांनी पुढच्या वर्षी शटर ओढलं, त्यांचा किस्सा कोण फॉरवर्ड करणार?

आमच्या लाओबानांचा सांगतो. लाओबान म्हणजे मालक; आपण 'शेठ' म्हणतो तसं. मी यायच्या आधी त्यांनी ताइपेच्या सायकल प्रदर्शनात स्वतःच्या नावाचा स्टॉल लावला. युरोपातलं एक जुनं गिऱ्हाईक तिथे आलं. त्या गृहस्थांनी स्टेम उचलला, उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि माल ओळखला. त्यांच्याच नावानं तो वर्षानुवर्षं विकला जात होता. हसले, चहा प्यायले, भाव मात्र विचारला नाही. पुढच्या हंगामाची त्यांची ऑर्डर निम्म्यावर आली. भांडण नाही, पत्र नाही, काही नाही. लाओबान त्यांना दोषही देत नाहीत. म्हणतात, माझा सप्लायर माझ्याच समोर दुकान थाटायला लागला, तर मीही हेच करीन.

ग्रुपवरच्या दोन्ही तटांच्या नजरेतून नेमकं हे सुटतं. कारखान्याचं गिऱ्हाईक म्हणजे सायकल चालवणारा माणूस नव्हे, पाच-सहा कंपन्यांचे खरेदी अधिकारी. त्यांच्याकडून कारखाना खूप शिकतो. मायक्रॉनमधली अचूकता शिकतो, तारीख पाळायला शिकतो, दरवर्षी दोन पैसे कमी कसे करायचे तेही शिकतो. वीस-तीस वर्षं हे केलं की वस्तू कशी बनवायची यातलं काही शिकायचं उरत नाही. ती कोण वापरतो, कुठे मोडतो आणि मोडल्यावर कुणावर चिडतो, हे मात्र कधीच कानावर येत नाही. आणि ज्या दिवशी आपण आपलं नाव कोरतो, त्या दिवशी ते सगळ्यात आधी वाचतो तो आपल्याला ऑर्डर देणारा.

एसर या तैवानी संगणक कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९२ साली 'स्माइल कर्व्ह' मांडला. संशोधन-डिझाइन आणि ब्रँड-सेवा या दोन टोकांना पैसा, मधल्या जोडणीत सगळ्यात कमी. आकडा हवा असेल तर २००९ सालच्या आयफोनचा घ्या : उत्पादनखर्च सुमारे १७९ डॉलर, त्यात चीनमधल्या जोडणीचे साडेसहा. हा आकडा ग्रुपवर टाकला की दोन्ही तट 'बघा!' म्हणतात. पण खुद्द शींच्या एसरचं काय झालं, ते कुणी विचारत नाही. एसर दुसऱ्यांसाठीही संगणक बनवायची आणि स्वतःच्या नावानंही विकायची. दोन डगरींवरचा पाय झेपेना. शेवटी दुसऱ्यांसाठी माल बनवणारा भाग वेगळा काढला आणि त्याची विस्ट्रॉन झाली. पुढे असुसनंही तेच केलं, त्यातून पेगाट्रॉन निघाली.

याच विस्ट्रॉनचा कर्नाटकातला, आयफोन जोडणारा कारखाना २०२३ साली टाटांनी विकत घेतला. म्हणजे एसरनं ब्रँड जगवण्यासाठी जे बाजूला काढलं, तेच फिरत फिरत आपल्याकडे आलं. यात कमीपणा काहीच नाही, हजारोंना रोजगार आहे. पण 'ही तर ब्रँडकडे जाणारी पहिली पायरी' असं कुणी लिहिलं की मला विस्ट्रॉनची जन्मकथा आठवते आणि मी टाइप केलेलं पुसून टाकतो.

जायंट या सायकल कंपनीचं उदाहरण मला जास्त पटतं, कदाचित ती इथलीच, ताइचुंगमधल्या दाजियाची, म्हणूनही असेल. १९७२ साली किंग लिऊंनी काढलेली ही कंपनी शिकागोच्या श्विनसाठी सायकली बनवायची. १९८० मध्ये श्विनच्या कारखान्यात संप झाला, काम इकडे वळलं आणि काही वर्षांत श्विनच्या बहुतेक सायकली जायंटच बनवू लागली. मग श्विननं चीनमध्ये त्याहून स्वस्त भागीदार शोधला. इकडे जायंटनं १९८१ पासून स्वतःचं नाव चालवायला घेतलं होतं. १९८६ मध्ये ती नेदरलँड्समध्ये उतरली, पुढच्या वर्षी अमेरिकेत. १९९२ साली श्विन दिवाळखोरीत गेली. हीही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. मला त्यात शौर्यापेक्षा चिकाटी दिसते. जायंटनं इतर ब्रँडांसाठी सायकली बनवणं आजतागायत सोडलेलं नाही. त्या पैशावर स्वतःचं नाव तग धरून राहिलं. देशोदेशी स्वतःची माणसं बसवली, दुकानदार जोडले, सुटे भाग साठवले. रटाळ काम, दहा-पंधरा वर्षांचं.

ते करायला वेळ मिळाला नाही तर काय होतं, हे एचटीसीनं दाखवलं. दुसऱ्यांसाठी हँडहेल्ड म्हणजे हातात मावणारे छोटे संगणक बनवणाऱ्या या तैवानी कंपनीनं २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन आणला. २०११ मध्ये तिचं बाजारमूल्य नोकियाच्या वर गेलं होतं. २०१७ मध्ये फोन बनवणाऱ्या टीमचा मोठा भाग १.१ अब्ज डॉलरना गूगलला देण्याचा करार झाला.

आपल्याकडे उलटं झालं. मायक्रोमॅक्सकडे नाव होतं, कारखाना चीनमधला होता. टिमकी वाजवता येत नाही म्हणणाऱ्यांनी आठवून पाहावं, २०१३ मध्ये त्यांच्या जाहिरातीत ह्यू जॅकमन होता! २०१४ च्या सुमारास भारतात ते सॅमसंगला टक्कर देत होते. मग ज्या देशातून फोन येत होते त्याच देशातल्या शाओमी, विवो, ओपो स्वतःच्या नावानं आल्या, आणि मधल्या नावाची गरजच उरली नाही.

आणि 'जगानं ओळखावा' यातलं जग कुठलं? आफ्रिकेतल्या कितीतरी शहरांत मोटरसायकल टॅक्सी म्हणजे बजाजची बॉक्सर. चीनमधल्या शेन्झेनच्या ट्रान्शन या कंपनीनं टेक्नो हा फोन आफ्रिकेसाठीच घडवला. काळ्या वर्णाचे चेहरे नीट टिपणारा कॅमेरा दिला, एकाहून जास्त सिमची सोय केली आणि तिथल्या बाजारात पहिला क्रमांक मिळवला. खुद्द चीनमध्ये हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. हे लिहिलं की ग्रुपवर उत्तर येतं, 'तसं नाही रे, ग्लोबल म्हणजे ग्लोबल.' म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच्या विमानतळावर झळकणारं. हे ओळखपत्र कुणाकडून हवंय ते आपलं आधीच ठरलंय. बॉक्सर चालवणाऱ्याचं मत त्यात धरत नाहीत.

नाव झालं की काय काय अंगावर येतं, हेही इथे बसून दिसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी कस्टम्सनं सक्तीच्या मजुरीचा ठपका ठेवून जायंटच्या तैवानमध्ये बनलेल्या सायकली अडवल्या. कंपनीनं दाद मागायचं ठरवलं, ते पुढचं पुढे. दलालाला पैसे भरून, कर्ज काढून आलेले स्थलांतरित कामगार इथल्या अनेक कारखान्यांत आहेत. बातमी झाली ती जिचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे तिची. पुढच्याच आठवड्यात आमच्या लाओबानांनी प्रत्येक व्हिएतनामी कामगारानं दलालाला किती दिले, याची यादी मागवली. तोवर ते कधी कुणी विचारलं नव्हतं.

त्या खोक्यांबद्दल मी त्यांना एकदा विचारलं होतं. अकराची नऊ झाली म्हणजे थोडा खप तरी आहे, असा माझा समज. ते म्हणाले, विक्री केव्हाच बंद केली. ब्रँड काढला तेव्हा विकलेल्या प्रत्येक स्टेमवर दहा वर्षांची हमी छापली होती. अजून कुठूनतरी ईमेल येतो, तडा गेलेल्या स्टेमचा फोटो असतो, आणि लाओबान स्वतः खोकं उघडून एक नवा पाठवतात. हमीची शेवटची तारीख दोन वर्षांनी आहे. तोवर कोपरा रिकामा करायचा नाही, असं त्यांनी पॅकिंगवाल्यांना बजावून ठेवलंय.