धर्म : दोन आडव्या रेघा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात पुन्हा जुंपली. निमित्त कुठल्याशा मिरवणुकीतल्या दगडफेकीचं. मामेभाऊ वैतागून म्हणाला, "जगात धर्मच नसता तर सुखानं जगलो असतो." मावशीनं लगेच सुनावलं, "हो, आणि माणसं जनावरं झाली असती!" मग दोन्हीकडून फॉरवर्डांचा पाऊस. मी काहीच लिहिलं नाही. ज्या जगावरून ते भांडत होते, साधारण त्याच जगात मी नऊ वर्षं भाड्यानं राहतोय, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

लाइपझिग हे पूर्वीच्या पूर्व जर्मनीतलं, सॅक्सनी राज्यातलं शहर. इथं आल्यावर पत्ता नोंदवायला गेलं की धर्म विचारतात, कारण तुम्ही चर्चचे सभासद असलात तर आयकराच्या नऊ टक्के इतका चर्चचा कर पगारातूनच कापला जातो. हिंदूंकडून असा कर घेणारी संस्थाच नाही. त्यामुळे मी 'हिंदू' सांगितलं काय नि 'काही नाही' सांगितलं काय, संगणकाला सारखंच. माझ्या करपत्रावर धर्माच्या जागी दोन आडव्या रेघा आहेत. ऑफिसातल्या बहुतेकांच्याही तशाच. शहरात चर्चचे सभासद शंभरात वीससुद्धा नाहीत.

इथले लोक नास्तिक आहेत असं म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. नास्तिकाला निदान देवाशी भांडायचं असतं. इथं एक किस्सा नेहमी सांगतात : स्टेशनवर काही तरुण मुलांना विचारलं, तुम्ही ख्रिश्चन की नास्तिक? मुलं म्हणाली, "दोन्ही नाही. आम्ही नॉर्मल आहोत."

आणि मावशीच्या माहितीसाठी, माणसं जनावरं झालेली नाहीत. हिवाळ्यात रस्त्यात एखाद्या लहान मुलाचा हातमोजा पडला, तर कुणीतरी तो उचलून जवळच्या कुंपणाच्या खांबावर चढवून ठेवतं. आईबाप शोधत आले की दिसावा म्हणून. माझ्या मुलीचा एक लाल मोजा असा चार दिवस पावसात एका खांबावर उभा होता, जणू हात वर करून. तो तिथं ठेवणाऱ्याला वरून कुणी बघतंय असं मुळीच वाटत नसणार.

तेव्हा मामेभाऊ जिंकला? थांबा.

ड्रेस्डेन इथून गाडीनं तासा-सव्वा तासावर. २०१४ च्या ऑक्टोबरात तिथं 'पेगिडा'चे मोर्चे सुरू झाले. नावाचा अर्थच 'पश्चिमेच्या इस्लामीकरणाविरुद्ध देशभक्त युरोपीय'. तेव्हा सॅक्सनीत मुसलमान एक टक्काही नव्हते. २२ डिसेंबरला हजारो लोक तिथल्या प्रसिद्ध ऑपेरा हाउससमोर जमले आणि त्यांनी नाताळची भक्तिगीतं म्हटली. ज्या भागात लोक चर्चची पायरी चढत नाहीत, त्याच भागात लोक 'ख्रिस्ती संस्कृती' वाचवायला थंडीत उभे होते. श्रद्धा दोन पिढ्यांपूर्वीच गेलेली, पण 'आपले' आणि 'ते' मात्र शाबूत. ट्रामध्ये माझ्याकडे ज्या नजरेनं कधीकधी पाहिलं जातं, त्या नजरेला बायबल लागत नाही.

धर्म इथून गेला कसा, तेही बघण्यासारखं आहे. १९४९ मध्ये पूर्व जर्मनी देश म्हणून उभा राहिला तेव्हा दहातली नऊ माणसं चर्चमध्ये नोंदलेली होती. साम्यवादी सरकारनं वाद घालून त्यांचं मन वळवलं, असं झालं नाही. चर्चला जाणाऱ्यांच्या मुलांची उच्च शिक्षणाची वाट अडवली. इथल्या विद्यापीठाचं शेकडो वर्षं जुनं चर्च तर युद्धातून वाचलं होतं, ते ३० मे १९६८ ला सुरुंग लावून पाडलं. आणि गंमत बघा, तेच सरकार उलथायला लोक जमले ते निकोलाय चर्चमध्ये, सोमवारच्या शांतिप्रार्थनेला. ९ ऑक्टोबर १९८९ ला सत्तर हजार माणसं तिथून आणि आसपासच्या रस्त्यांवरून चालत निघाली. एक गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. लोकांनी चर्चचे आभार मानले आणि परत काही ते आत गेले नाहीत.

त्या सरकारला एक गोष्ट मात्र पक्की कळली होती : नुसतं काढून घेऊन चालत नाही. चर्चमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमाराला मुलांचा दीक्षाविधी व्हायचा. त्याला शह म्हणून त्यांनी १९५४-५५ पासून युगेंडवाइहे नावाचा समारंभ घरोघरी नेला. मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या मुक्तविचारवाद्यांची, यांनी त्यात समाजवादी शपथ घातली. सरकार गेलं, शपथ गेली, समारंभ राहिला. एका सहकाऱ्याच्या मुलाच्या युगेंडवाइहेला आम्ही गेलो होतो. पोरं नव्या कोटांत अवघडलेली, एक बँड, एक भाषण ('आता तुम्ही मोठे झालात' छापाचं), मग प्रत्येकाला स्टेजवर बोलावून फूल आणि पुस्तक. बाहेर आजी-आजोबा डोळे पुसतायत, काका पाकिटं देतायत, त्यानंतर हॉटेलात जेवण. मी बायकोला म्हटलं, ही तर मुंज. फक्त भिक्षावळीत पाकिटं जास्त जाड.

आपल्याकडच्या वादात ही बाजू नेहमी निसटते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, भटाशिवाय लग्नं लावली. पण मंगलाष्टकं रद्द केली नाहीत, नवी लिहिली. बाबासाहेब १९३५ ला येवल्यात म्हणाले की हिंदू म्हणून मरणार नाही. सोडायचंच असतं तर दुसऱ्या दिवशी सोडता आलं असतं. त्यांनी एकवीस वर्षं घेतली आणि १९५६ ला नागपुरात लाखोंना बुद्धाच्या धम्मात नेलं, वर बावीस प्रतिज्ञा दिल्या. धर्मावर इतके कठोर घाव घालणारी ही माणसं रिकामी जागा ठेवून गेली नाहीत. डॉ. दाभोलकर तर देवाधर्माला आमचा विरोध नाही, धर्माच्या नावावरच्या लुबाडणुकीला आहे, एवढंच आयुष्यभर सांगत होते. तेवढंही सोसलं नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. म्हणूनच मामेभावाचा वैताग मला कळतो. लाइपझिगमध्ये बसून 'धर्माचं काम काय वाईट' म्हणणं स्वस्त आहे, हेही कळतं.

पण एक जागा अशी आहे जिथं इथली व्यवस्था मला उघडी वाटते. खालच्या मजल्यावरच्या आजी गेल्या तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला गेलो. पुरोहिताऐवजी पैसे देऊन आणलेला वक्ता. त्यानं मुलाकडून तासभर माहिती घेतली होती, चांगलं बोलला. त्यांच्या बागेबद्दल, कॅम्पिंगबद्दल. दोन गाणी वाजली. अस्थी घरी न्यायला कायदा परवानगी देत नाही, त्या दफनभूमीतच पुरायच्या. आजींनी निनावी जागा निवडली होती : नुसती हिरवळ, ना दगड ना नाव. पूर्व जर्मनीत ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. मुलावर कबरीच्या देखभालीचा भार नको, म्हणाल्या होत्या म्हणे. नंतर कॉफी आणि केक. साडेतीनला सगळे आपापल्या गाड्यांत. मुलगा पार्किंगमध्ये किल्ली हातात धरून बराच वेळ उभा होता. पुढं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला नाशकात गोदेच्या काठी पिंड ठेवला. माझा यातल्या कशावरही विश्वास नाही. कावळा शिवेना. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. काका म्हणाले, "अरे, बोल त्यांच्याशी. आईचं सांग." आणि मी, दोन आडव्या रेघांवाला, वीस माणसांसमोर मोठ्यानं म्हणालो की आईकडे बघीन, दरवर्षी येईन. कावळा त्यानंतर आला की दर्भाच्या कावळ्यावर भागवलं, ते आता आठवतही नाही. दरवर्षी जातो मात्र.

तेव्हा मामेभावाला काय लिहू? की धर्म नसलेल्या गावात भांडणं उरतात आणि मोजेही खांबावर चढवले जातात? त्याला ते कुंपणावर बसणं वाटेल.

बाकी इथलेही लोक पक्के नाहीतच. नोव्हेंबरातल्या एका बुधवारी 'प्रायश्चित्त आणि प्रार्थनेचा दिवस' असतो. १९९५ मध्ये वृद्धसेवा विम्याचा खर्च भागवायला इतर सगळ्या राज्यांनी ही सुट्टी रद्द केली. एकट्या सॅक्सनीनं ठेवली, आणि बदल्यात इथले नोकरदार त्या विम्याचा अर्धा टक्का जास्त हप्ता स्वतःच्या पगारातून भरतात. प्रार्थना कुणी करत नाही. आम्ही गेल्या वर्षी पोहायला गेलो होतो.

मुलगी आता आठवीत जाईल. तिला युगेंडवाइहे हवंय, वर्गातल्या सगळ्यांचं आहे. परवा तिनंच फोनवर आजीला सांगितलं. आई जरा गप्प झाली. आमच्याकडे मुंजी झाल्या त्या मुलग्यांच्या. आई आणि तिच्या बहिणी मांडवात पंगती वाढत होत्या.

"मंत्र कोण म्हणतं?" आईनं विचारलं.

"मंत्र नसतात आजी. भाषण असतं."

"आणि मुलींचं पण करतात?"

"हो, सगळ्यांचं एकत्रच."

"मग तारीख कळव," आई म्हणाली. "व्हिसाला वेळ लागतो."