थेरपिस्ट पाहिजे? आपला माणूस आहे की!

घरात कुणाला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा, सतत चुळबुळीचा त्रास असावा असा संशय आला, की सगळ्यात आधी मामांना सांगा. मामांची ओळख बेळगावातल्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत सगळीकडे असते. 'अरे, आपला माणूस आहे की, फोन टाकतो' एवढं मामा बोलले की शोध संपला. आता हा आपला माणूस शिकलाय काय, हे विचारू नका, तो मामांचा अपमान होईल. तो मराठी बोलतो, गणपतीत घरी येऊन जातो, त्याचा सख्खा भाऊ महापालिकेच्या निवडणुकीला उभा होता. पोराचा मेंदू हवाली करायला आणखी काय लागतं?

दवाखान्याचा फलक मात्र नीट वाचा. कर्नाटकात फलकावर ६० टक्के कन्नड लागतं, २०२४ पासून तसा कायदाच आहे. उरलेल्या ४० टक्क्यांत त्याने पदव्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात: माइंड कोच, लाइफ काउन्सेलर, हस्ताक्षरतज्ज्ञ, शिवाय वास्तू. पाटी जेवढी भरगच्च, तेवढा माणूस भारी. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' एवढं लिहून खाली कसलासा नोंदणी क्रमांक टाकणारी माणसं कोरडी असतात, तिकडे फिरकू नका. १९९२च्या कायद्यानुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावं लागतं आणि ते मोबाइलवर घरबसल्या बघता येतं, असं म्हणतात. बघू नका. पोरीला स्थळ आलं की आपण मुलाच्या पगाराची स्लिप मागतो, आजोळ खानापुरातलं की चंदगडातलं तेही खणून काढतो, ते वेगळं. डॉक्टरकडे कागद मागितला तर वाईट दिसतं.

गुप्ततेची खात्री पहिल्याच भेटीत होऊन जाते. चहा येईपर्यंत तो स्वतःहूनच सांगतो, 'तुमच्या मागच्या गल्लीतली ती सून आहे ना, ती पण माझ्याकडेच येते. तिचं तर तुमच्याहून अवघड आहे.' बघा, किती अनुभवी माणूस! तुमचंही तो पुढच्याला इतक्याच आपुलकीने सांगेल. रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलेला आहे, पण कायदा राहतो दिल्लीत आणि आपण राहतो बेळगावच्या शहापुरात.

एवढं करूनही कुणी ओळखीचं बघेल अशी धास्ती असेल, तर सरळ कोल्हापूर गाठा. संकेश्वर, निपाणी करत शंभरेक किलोमीटर जा, तोंडाला रुमाल बांधून दवाखान्यात शिरा. बाकावर अर्धं बेळगाव रुमाल बांधून बसलेलं दिसेल. कुणी कुणाला ओळख द्यायची नाही, एवढी शिस्त तिथे कडक पाळतात.

धारवाडला मात्र जायचं नाही. तिथे सरकारची मानसिक आरोग्याची मोठी संस्था आहे, बेळगावहून कोल्हापुरापेक्षा जवळ आहे, खर्च कमी आहे. पण 'तुला धारवाडला न्यायला पाहिजे' असं आपण भांडणात एकमेकांना पिढ्यानपिढ्या म्हणत आलोय. तिथे खरंच जाऊन आलो तर पुढच्या भांडणात म्हणायचं काय?

आता तपासणी. खरा जाणकार तुमच्या पोराकडे पाच मिनिटं बघतो आणि निदान ठोकतो. त्याहून भारी म्हणजे बोटांचे ठसे घेऊन मेंदूची कुंडली काढणारा. रंगीत फाइल मिळते, पोरगा कलेक्टर होणार की गायक तेही त्यातच. भारतीय मानसोपचार संघटनेने या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलंय खरं, पण त्यांनी ती फाइल बघितली नसणार, काय गुळगुळीत कागद असतो! डोक्याला वायरी लावणारा मिळाला तर सोनंच. एडीएचडीचं निदान रक्ताने होत नाही, वायरीने होत नाही, हे वायरवाल्याला सांगून त्याचा हिरमोड करू नका.

उलट काही जण असतात, दोन-तीन भेटी नुसते प्रश्न विचारतात. हे बाराव्या वर्षाच्या आधीपासून होतं का? फक्त शाळेत होतं की घरीही? झोप कशी आहे, थायरॉइड तपासलंय का? तुम्ही तिशी ओलांडलेल्या बाई असाल तरी तुमची शाळेची प्रगतिपुस्तकं मागतात! ती माळ्यावरच्या ट्रंकेत असतात. काढलीत तर तिसरीपासून सातवीपर्यंत दरवर्षी वेगवेगळ्या अक्षरांत एकच शेरा: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' पाच गुरुजींना जे दिसलं ते घरात कुणाला दिसलं नाही, कारण पोरगी दंगा करत नव्हती, खिडकीबाहेर बघत गप्प बसायची. अशी पोर गुणी म्हणून खपते. पुढे गॅसवर दूध ठेवून विसरणारी सून झाली की ती वेंधळी ठरते. तिने थेरपिस्ट वगैरे शोधायचा नसतो, तिने दुधाकडे लक्ष द्यायचं असतं.

औषधांचं सोपं आहे. सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देऊ शकत नाही, त्याला मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर लागतो. आपला माणूस असल्या भानगडीत पडत नाही. तो ड्रॉवर उघडून बिननावाची पुडी काढतो, 'सकाळी दुधातून, उपाशीपोटी, हर्बल आहे.' ती निर्धास्त घ्या. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरवर मात्र डोळा ठेवा. ते औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, दुकानदार चिठ्ठी उलटसुलट करून बघतो. ज्याच्यावर एवढी पाळत असते ते वाईटच असणार, आणि ज्याच्यावर कुणाचीच नजर नाही ती पुडी चांगली.

भाषेच्या बाबतीत मामांचं थोडं खरं आहे, हे कबूल करायला जिवावर येतं. फॉर्म कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत, आणि येळ्ळूरचं पोरगं आतून मराठीत घाबरतं. 'तुला बेचैन वाटतं का?' हे पुस्तकी मराठीत विचारलं तरी ते मान हलवून मोकळं होतं. 'पाय कसं का हालवूलास रे सारखं?' म्हटलं की मग बोलतं. ही भाषा समजणारा, शिवाय शिकलेला माणूस शोधायला वेळ लागतो. पण सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, वाट बघणं आपल्याला कुणी शिकवायला नको. तोवर मनाच्या तक्रारी फोनवर सांगायला सरकारचा १४४१६ हा टेलिमानस नंबर आहे, दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. फुकट म्हणजे काही खरं नसणार, तेव्हा लावू नका.

आणि नशीब फुटकं असेल तर तुम्हाला एखादी भलतीच बाई भेटेल. ती 'बरा करून देते' असं म्हणणार नाही. ऑटिझम असलेल्या पोराला 'माझ्या डोळ्यांत बघून बोल' असा दम देणार नाही. स्वतःला जमणार नाही तेव्हा दुसऱ्याकडे पाठवेल. अपॉइंटमेंट विसरलात तर शिस्तीवर भाषण द्यायचं सोडून आदल्या दिवशी मेसेज टाकेल, त्याच सकाळी पुन्हा टाकेल. मामांना तो मेसेज दाखवा. ते म्हणतील, 'एवढे पैसे घेऊन आठवण करून देते होय? असलं लाडावून ठेवलं तर पोरगं कधी सुधारायचं? थांब, फोन टाकतो.'