जुनी जीप घेणाऱ्यास चार युक्तीच्या गोष्टी

तुमची चाळिशी उलटली असेल, घराचे हप्ते संपत आले असतील आणि दारात किल्ली फिरवली की सुरू होणारी, काचा वर-खाली होणारी, पावसात आतून कोरडी राहणारी एक पांढरी मोटार उभी असेल, तर तुमच्या आयुष्यात काय कमी आहे ते मी न बघता सांगतो. जीप. नवी नव्हे, नवी काय, कर्ज मंजूर झालं की कुणीही घेतो. तुम्हाला हवी ती जुनी, डिझेलची, चारही चाकांना जोर जाणारी आणि पहिला रंग कोणता होता हे फक्त पुरातत्त्व खात्यालाच सांगता येईल अशी.

घरी विचारू नका. विचारलंत तर "पावसात बसायचं कुठं?" असा प्रश्न येईल. जीपमध्ये बसायची सोय हा गौण मुद्दा आहे, हे घरच्यांना कधीच पटत नाही.

पहिली तयारी ज्ञानाची. तीन महिने रात्री जागून व्हिडिओ बघा. विलिसनं सीजे-३बी अमेरिकेत १९५३ साली आणली, आत उंच इंजिन मावावं म्हणून बॉनेट वर उचललं, आणि तेच उंच कपाळ महिंद्रानं आपल्याकडं पुढं कित्येक वर्षं रस्त्यावर आणलं, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. महिंद्राच्याच एमएम ५४० जीपला प्यूजोचं २,११२ सीसीचं इंजिन, म्हणजे सकाळी आधी हीटर प्लग तापवायचे आणि मगच चावी पुढं फिरवायची. नंतर अडीच लिटरची डायरेक्ट इंजेक्शनवाली आली. २०१० साली थार आली आणि महिंद्राच्या मेजर जीपचं युग संपलं. हे सगळं साताऱ्यात पोवई नाक्यावर चहाच्या टपरीवर उभं राहून दोन-चार वेळा बोलून बघा. या ज्ञानाचा प्रत्यक्ष खरेदीत एक उपयोग नक्की होतो: तुम्ही किती पाण्यात आहात ते विकणाऱ्याला पाच मिनिटांत कळतं.

मी किती पाण्यात आहे ते जीप विकणाऱ्या सांगलीच्या गृहस्थांना कळायला तीनच मिनिटं लागली.

सातारकरानं जीप बघायला सांगलीलाच जावं. गावातली घेतली तर तिचा इतिहास ठाऊक असलेले चारजण वाटेत भेटतात आणि उगाच मन कलुषित करतात. मी सकाळी नऊला पोचलो तर जीप अंगणात आधीच सुरू होती. बॉनेटला हात लावला तर कढत. अनुभवी माणसं म्हणतात, डिझेल गाडी गार असताना सुरू करून बघावी, कारण झिजलेल्या इंजिनाचं खरं दुखणं पहिल्या चावीलाच कळतं. तापलेलं इंजिन कुणाचंही सुरू होतं. तुम्ही असल्या संशयी माणसांच्या नादी लागू नका. विकणाऱ्यानं पाहुण्यासाठी चहा टाकावा तशी गाडी तापवून ठेवली, याला आदरातिथ्य म्हणतात.

"पाव्हणं, गाडी डॉक्टरची हाय," ते म्हणाले. महाराष्ट्रातली विकाऊ गाडी डॉक्टरचीच असते. इतके डॉक्टर इतक्या जुन्या जीप घेऊन कुठल्या पेशंटाकडं जात होते हे एकदा शोधायला हवं. "वडापला एक दिस घातली न्हाई." वडाप म्हणजे माणसं कोंबून केलेली भाड्याची वाहतूक. मागच्या पायरीचा पत्रा हजारो चपलांनी घासून आरशासारखा झालेला होता. डॉक्टरांची प्रॅक्टिस मोठी असणार.

किलोमीटर विचारले. मीटर बंद होता. बंद मीटरसारखी प्रामाणिक गोष्ट नाही; तो निदान खोटं तरी बोलत नाही.

मग धूर. धुराची भाषा तुम्ही व्हिडिओत शिकलेलाच असता. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, पंप-नोझल बघा, नाहीतर हवेचा फिल्टर तुंबलाय. निळा म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या. पांढरा गार इंजिनाला घडीभर चालतो, पण तापल्यावरही येत राहिला तर हेड गॅसकेटमधून पाणी आत जातंय. आमच्या जीपनं तिन्ही रंग एकाच फेरीत दाखवले. मी अभ्यासू चेहऱ्यानं मागं उभा राहिलो. मालक खुशीत म्हणाले, "बघताय काय, जाळ आन् धूर संगटच!" एवढी चांगली म्हण ऐकल्यावर हेड गॅसकेटचा विषय काढणं मला असंस्कृतपणाचं वाटलं.

काही कर्मठ लोक खिशात लोहचुंबक घेऊन जातात. पत्रा सडला की तो कापून नवा जोडण्याऐवजी वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, घासतात, रंग मारतात. चुंबक पत्र्याला चिकटतं, लांबीला चिकटत नाही. मीही नेलं होतं. ते डाव्या बाजूला चिकटलं नाही, उजव्या बाजूला चिकटलं नाही, बॉनेटवर मात्र चटकन चिकटलं. मग मला आठवलं की बॉनेट उंच आहे, बॉडी मात्र रुंद आहे, म्हणजे दोन्ही एका जीपचे नव्हेत. इंजिन तिसऱ्याच घरचं. म्हणूनच माझ्या जीपचं मॉडेल कोणतं असं कुणी विचारलं तर मी "कोणता भाग?" असं विचारतो.

सांगलीची गाडी म्हणजे पुराचा प्रश्न आलाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली होती, २०२१ ला परत आली. त्या पाण्यात माणसांचे संसार बुडाले तशा गाड्याही बुडाल्या, आणि माणसं सावरायच्या आत गाड्या धुऊन-पुसून विकायला आल्या. डॅशबोर्डच्या मागं हात घातला तर बारीक गाळ लागतो. गिअरबॉक्सच्या किंवा डिफ्रन्शियलच्या ऑइलमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते दुधाळ चहासारखं दिसतं. मी विचारलं तेव्हा मालक अभिमानानं म्हणाले, "पूर बघितल्याली गाडी हाय. हिला पाण्याचं भ्याव न्हाई." मी ऑइल तपासलं नाही. चहा आधीच झाला होता.

आता मुख्य गोष्ट. गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी दोन छोट्या दांड्या असतात. त्यांच्यासाठीच तर एवढा खटाटोप. एक पुढच्या चाकांना जोर जोडते, दुसरी हाय-लो करते, म्हणजे वेग हवा की ताकद ते ठरवते. जोर गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येतो, तिथून एक शाफ्ट मागं जातो आणि एक पुढं. मी अधीरपणे पहिल्या दांडीला हात घातला, तसा मालकांनी माझा हात धरला. "डांबरावर टाकू नका पाव्हणं. पुढची-मागची चाकं येगयेगळी फिरत्यात, सगळं आवळून बसतंय."

आणि ते खरं होतं! या जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफ्रन्शियल, म्हणजे दोन्हीकडं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी दातेरी चक्रं, नसतं. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर तोडतात. चिखलात ती घसरून हिशेब मिटवतात, कोरड्या रस्त्यावर मिटवता येत नाही, आणि ताण शाफ्टवर येतो. हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. समोरचा माणूस जाणकार आहे, प्रामाणिक आहे, आणि आपणही जाणकार आहोत, अशा तिहेरी आनंदात मी मान डोलावली. पूर्ण अडाणी माणूस असता तर दांडी ओढून मोकळा झाला असता.

गाडीखाली तर वाकूच नका. कपडे खराब होतात.

कागदपत्रांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. आरसी बुकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर घाबरू नका. गाडीत परस्पर बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ घाबरण्याचं काम तुमच्या वतीनं करेल. चासी नंबर वाचता येत नसेल तर समजा चष्मा बदलायला झालाय. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायची. ते शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० झालं. वर हरित कर. सरकारला तुमची जीप रस्त्यावर नको आहे, यातच तिचं थोरपण आलं. लष्कराच्या लिलावातली म्हणून कुणी दाखवली तर कागद अजिबात मागू नका. सैनिकाकडं पुरावा मागतात का?

सौदा दोन लाख ऐंशी हजारांना ठरला. घासाघीस म्हणून मी जुनी ताडपत्री फुकट मागून घेतली.

येताना आष्टा, पेठ नाका, कराड असा झोकात आलो. स्टीअरिंगला एवढा प्ले की वळण दिसलं की आधी स्टीअरिंगला कळवायचं, मग ते चाकांना निरोप द्यायचं. डिझेलचा काटा अर्ध्यावर होता. तो सांगलीत अर्ध्यावर होता, कराडात अर्ध्यावर होता, आणि तासवड्याच्या टोलनाक्याच्या रांगेत गाडी बंद पडली तेव्हाही अर्ध्यावरच होता. डिझेल गाडीचं हे एक बरं असतं: पेट्रोल गाडीत इंधन ओतलं की ती निघते, डिझेलच्या पाइपात हवा शिरते. मग पंपाचा नट सैल करून हातपंप मारत बसायचं, फेस जाऊन नुसतं डिझेल येईपर्यंत. मागच्या गाड्यांचे हॉर्न, पुढं नाक्यावरचा माणूस आणि मध्ये डिझेलनं माखलेला मी. घरी पोचल्यावर बायकोनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "अंघोळ बाहेरच करा."

इथून पुढं तुमचं खरं कुटुंब म्हणजे मिस्त्री. त्यांना 'वस्ताद' म्हणावं. त्यांचं गॅरेज कुठं आहे ते मी सांगणार नाही. तुमचं तुम्हाला सापडेल, जीप स्वतःच तिथं जाऊन बंद पडते. वस्ताद कधी वाईट बातमी एकदम देत नाहीत. आधी फक्त नोझल. मग नोझल काढलेच आहेत तर पंप. मग पंप उतरवलाच आहे तर "हेड बी बघून घिऊ". क्रॉस, बुश, कमानपाटे, किंगपिन. "बुधवारी या" असं त्यांनी सांगितलं की कुठला बुधवार ते विचारू नये. इंजिन बांधून झालं त्या दिवशी मी पेढे नेले. वस्ताद म्हणाले, "आता बगा, दहा वर्सं हात लावायला नको." ते दहा वर्षं हात लावणार नाहीत या विचारानं मला खरंच वाईट वाटलं. पण पुढच्याच महिन्यात भेटलो.

आता तुम्ही विचाराल, फोर-व्हील नेमकी वापरायची कुठं? सातारा जिल्ह्यात जागांना काय तोटा! कासला जा. यवतेश्वरचा घाट चढून, दर दोन वळणांना रेडिएटरला पाणी पाजत, फुलांच्या दिवसांत रविवारी. रस्ता डांबरी आहे आणि तुमच्या पुढं एक अल्टो आहे, तिच्यात सहा माणसं आणि एक आजी आहेत, आणि ती तुमच्या आधी पोचते. सज्जनगडाचा रस्ता डांबरी. ठोसेघर डांबरी. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपर्यंत डांबरी. जिथं डांबर नाही तिथं व्याघ्र प्रकल्प आहे आणि वनखातं आत सोडत नाही. वासोट्याला म्हणाल तर बामणोलीहून बोट लागते. चारही चाकांना जोर गेला तरी शिवसागर जलाशय ओलांडता येत नाही.

म्हणून जीप लग्नाला वापरतात. माझ्या जीपमधून आतापर्यंत अकरा नवरदेव गेले. सगळे ओळखीतले, त्यामुळं भाडं नाही, डिझेलही नाही. नवरदेव पुढच्या सीटवर उभा, हातात तलवार, समोर डीजे, वेग तासाला अर्धा किलोमीटर. क्लच प्लेटचा वास आणि मोगऱ्याचा वास एकत्र आला की मला अजूनही गलबलून येतं.

खरी दांडी ओढायचा प्रसंग आला तो आषाढात, अडीच वर्षांनी. मेव्हण्याचं रान नागठाण्याच्या पुढं. त्याची पिकअप बांधाच्या अलीकडं चिखलात रुतली आणि त्यानं फोन केला, "दाजी, तुमची जीप आणा!" अडीच वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. गेलो. आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं जमली. मी सावकाश उतरलो, पुढच्या चाकांवरची हब फिरवून लॉक केली, कुणीतरी "काय करतोय रं ह्यो?" विचारलं त्याकडं दुर्लक्ष केलं, वर बसलो आणि छोटी दांडी ओढली. ती लोण्यासारखी आली. दुसरी लो वर टाकली. क्लच सोडला. मागची दोन चाकं आपल्याच खड्ड्यात फिरत फिरत ॲक्सलपर्यंत खाली गेली. पुढची दोन शांत होती, फोटोत उभी असावीत तशी.

एक पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला. आधी पिकअप ओढली, मग मला. दोरी बांधायला तो जीपखाली गेला आणि तिथूनच ओरडला, "ओ दाजी, हिला म्होरचा शाफ्टच न्हाई की!"

शाफ्ट नव्हता. ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड गोणपाटाच्या तुकड्यानं आणि तारेनं बांधलेलं होतं. कुठल्या तरी डॉक्टरांनी ॲव्हरेज वाढावं म्हणून तो कधीच काढून टाकलेला. मी तडक वस्तादांकडं गेलो. अडीच वर्षं ते या जीपखाली झोपत होते. ते हात पुसत म्हणाले, "मला वाटलं तुमाला म्हाईत हाय. तुमीच तर म्हनायचा, डांबरावर टाकायची नसती."

तर ही सगळी माहिती तुमच्या उपयोगी पडावी म्हणून मनापासून दिली आहे. माझी जीप मी सध्या विकतो आहे. मन होत नाही, पण मुलीचं कॉलेज पुण्यात निघालं. गाडी शिक्षकाची आहे, वडापला एक दिवस घातलेली नाही, इंजिन बांधलेलं आहे, ताडपत्री सोबत देईन. फोर-बाय-फोर आहे, दोन्ही दांड्या जागेवर आहेत, फक्त डांबरावर टाकू नका. बघायला कधीही या, पण निघताना तासभर आधी कळवा. गाडी गरम करून ठेवतो.