ग्वेलिनचे मीफन आणि आपले शिरवाळे: एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

स. न. वि. वि.

आपण लेख बारकाईने वाचलात हे प्रतिक्रियेवरून दिसते, आणि म्हणूनच दोन ओळींचे उत्तर देऊन मोकळे होणे मला प्रशस्त वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे: चीनमधल्या ग्वेलिन शहरात जाऊन मी गल्लीतल्या एका लहानशा खाणावळीत तांदळाचे नूडल्स, म्हणजे मीफन, खाल्ले आणि त्यांचे वारेमाप कौतुक केले, वास्तविक आपल्या मालवणी शिरवाळ्यांहून त्यांत वेगळे काही नाही, वाडग्यात सूप नव्हते, म्हणजे परका माणूस पाहून मला अर्धवट पदार्थ वाढला गेला, आणि चांगल्या हॉटेलात गेलो असतो, तर खरी चव कळली असती. शिवाय शाकाहारी माणसाने तिथे काय करावे, हेही आपण विचारले आहे.

सुपाचा आक्षेप लवकर निकालात निघेल. ग्वेलिनमध्ये मीफन कोरडेच वाढतात, आणि शेजारच्या टेबलावरच्या शाळकरी मुलालाही माझ्यासारखेच वाडगे मिळाले होते. उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवून काढलेले नूडल्स, त्यांवर गोमांसाचे पातळ काप, ग्वोशाओ नावाचे तळलेले डुकराचे मांस आणि लूश्वे हा दाट, काळपट रस, एवढे घालून वाडगे हातात येते. आंबवलेल्या चवळीच्या शेंगा, तळलेले सोयाबीन, कांद्याची पात, कोथिंबीर, मिरची हे बाजूला मांडून ठेवलेले असते आणि आपल्या हाताने घ्यायचे असते. सगळे नीट कालवून बरेचसे नूडल्स संपवायचे, आणि मग तळाशी उरलेल्या रसात पातेल्यातले हाडांचे सूप ओतून घ्यायचे, हा तिथला क्रम आहे. सूप आधीच ओतले तर रस पातळ होतो, नूडल्सना धरून राहत नाही, आणि ज्यासाठी माणसे सकाळी सात वाजता रांगेत उभी राहतात तीच गोष्ट हातची जाते.

ती गोष्ट म्हणजे लूश्वे. माझ्या लेखातले बरेचसे कौतुक त्याचेच होते, आणि आपल्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही, याचे मला नवल वाटले. डुकराची आणि गुरांची हाडे, चक्रीफूल, दालचिनी, बडीशेप, ज्येष्ठमध, संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल, आंबवलेले काळे सोयाबीन असे बरेच काही मंद आचेवर तासन्‌तास शिजवून तो करतात, आणि प्रत्येक दुकानाचे प्रमाण निराळे असते. त्यात पडणारे लुओहानग्वो हे फळ ग्वेलिनच्याच आसपास, योंगफू आणि लिंग्वे या भागांत पिकते; त्याच्या गोडव्यामुळे रसाचा खारटपणा बोचत नाही. गोड्या मसाल्याची सवय असलेल्या नाकाला यातले अर्धे वास ओळखीचे वाटतात. (चक्रीफुलाच्या लागवडीत ग्वांगशी हा प्रांत चीनमध्ये अग्रेसर आहे, आणि ग्वेलिन त्याच प्रांतात येते.)

आता शिरवाळे. साम्य आहे, आणि ते दाखवून दिल्याबद्दल आपले आभार. पण साम्य जिथे संपते तिथेच खरी मौज आहे. शिरवाळ्यांसाठी आपण तांदळाच्या पिठाची उकड काढतो, तिचे गोळे पाण्यात चांगले शिजवतो आणि गरम असतानाच साच्यातून ताटात पाडतो; साच्यातून बाहेर आले की शिजवण्याचे काम संपलेले असते. ग्वेलिनच्या जुन्या पद्धतीत भिजवलेला तांदूळ ओला वाटून, पाणी निथळून, त्याचे गोळे मुद्दाम अर्धेकच्चे शिजवतात, म्हणजे बाहेरून शिजलेले आणि आत कच्चे. ते कुटून, मळून एकजीव केले की साच्यातून थेट उकळत्या पाण्यात पाडतात आणि लगेच थंड पाण्यातून काढतात. तांदळात गव्हासारखे ग्लूटेन नसते, त्यामुळे तारेला बळ येते ते शिजलेल्या स्टार्चमुळे, आणि अर्धे शिजवणे, मळणे, पुन्हा शिजवणे, एकदम गार करणे हा सारा खटाटोप त्या बळासाठी असतो. परिणामी मीफनची तार लांब, गुळगुळीत आणि लवचीक होते आणि रसाचा पातळ थर अंगावर घेऊन येते, तर शिरवाळे मऊ असतात आणि गूळ घातलेला नारळाचा रस पिऊन घेतात. एक पदार्थ रस शोषण्यासाठी घडवलेला आहे आणि दुसरा रसाने माखण्यासाठी; त्यांना एकच म्हणणे हा दोघांवरही अन्याय आहे, आणि शिरवाळ्यांवर थोडा अधिकच.

हॉटेलाविषयीही माझे मत कायम आहे. ताजे मीफन त्याच दिवशी खपावे लागतात, कारण थंडाव्यात ठेवले की शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो आणि तार कडक होऊन तुटू लागते. सकाळपासून ज्याच्याकडे रीघ लागलेली असते, त्या लहान दुकानात शिळे राहायला काही उरतच नाही; पन्नास पदार्थांच्या यादीत मीफनला एक ओळ देणाऱ्या हॉटेलाला हे साधणे अवघड आहे. आपण ‘टपरीवरचे खाणे’ म्हणून ज्याची बोळवण केलीत, ते मीफन बनवण्याचे कौशल्य 2021 साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेले, आणि ल्यूझौचे लुओसफन व ग्वांगझौचे शाहफन हे तांदळाच्या नूडल्सचे दोन प्रकारही त्याच वेळी. अर्थात, यादीत नाव आले म्हणून त्या दुकानातले सगळे उत्तम होते असे नाही. ग्वोशाओची कड मऊ पडली होती, आणि कापून ठेवलेले मांस गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले की असेच होते.

शाकाहारी वाचकांना मात्र खोटी आशा दाखवू नये असे मला वाटते. मांसाचे काप नकोत असे सांगता येते, पण लूश्वे आणि सूप दोन्ही हाडांचे असतात, आणि लूश्वे वगळून मीफन मागणे म्हणजे रस वगळून शिरवाळे मागण्यासारखे होईल. अशांनी या दुकानांच्या वाटेला न गेलेलेच बरे. बौद्ध मठांशी संबंधित शाकाहारी भोजनालये चीनमधल्या अनेक शहरांत आहेत, तिथे पोटभर आणि निर्धास्त जेवता येते. मांसाहार करणाऱ्याने मात्र दोन लियांग, म्हणजे 100 ग्रॅम, नूडल्सचे वाडगे मागवावे आणि सुपाच्या पातेल्याकडे अगदी शेवटी वळावे.