पोट्टं नवोदयला कसं लावावं

तुमचं पोरगं पाचवीत गेलं आणि आता कुठं तुम्हाला नवोदय आठवलं असेल, तर बाप्पा, तुम्ही दोन वर्षं उशिरा उठलात. पाचवीत नुसती परीक्षा होते. तयारी तिसरीतच सुरू करायची असते, आणि पोराच्या आधी ती कागदांची करायची असते.

नियम नीट वाचा. जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. तिथं जिल्ह्यातून सहावीला परीक्षा घेऊन फार तर ८० मुलं घेतात. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. आता ग्रामीण कोण? ज्यानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत काढली तो. बाप कास्तकार पाहिजे, माय कापूस वेचायला जात असली पाहिजे, असं नियमात कुठंही नाही. शाळा खेड्यात असली म्हणजे झालं. त्यामुळे तुम्ही तालुक्याला प्लॉट घेऊन दुमजली घर बांधलं असेल आणि घरात दोन पगार येत असतील, तरी घाबरायचं कारण नाही. सासुरवाडीच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा असेलच. पोराचं नाव तिथं घाला आणि पोराला तालुक्यातच नवोदयच्या क्लासला बसवा. हजेरीपटावर काय मांडायचं ते गुरुजींना सांगावं लागत नाही.

गुरुजींवर आपण काही लादतोय असं मनात आणू नका. त्यांचा पट अठरा आहे. २०२३ मध्ये राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळा चौदा हजारांवर निघाल्या आणि सरकारला अशा लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची कल्पना सुचली, तेव्हापासून त्यांना झोप नाही. तुमचा एक आणि मेहुण्याचे दोन धरून पट एकवीस झाला की गावची शाळा वाचते, गुरुजी अतिरिक्त ठरत नाहीत आणि तुमचं पोरगं सरकारी कागदावर खेडूत होतं. शिकवणं तेवढं सोडलं तर सगळ्यांचंच भलं.

आता परीक्षेकडे वळू. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे गुण मानसिक क्षमतेचे, उरलेले गणित आणि भाषेचे. मानसिक क्षमता म्हणजे गटात न बसणारी आकृती ओळखा, आरशात ती कशी दिसेल ते सांगा, कागदाला घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर भोकं कुठं कुठं दिसतील ते शोधा. ही बुद्धी उपजत असते, शिकवून येत नाही, असं जाणकार मानतात. म्हणूनच ती शिकवायला तालुक्यातालुक्यात क्लास निघाले आहेत. त्यांतला निवासी क्लास चांगला. तिथं पोरगं दोन वर्षं रोज शंभर आकृत्या सोडवतं आणि पाचवीच्या हिवाळ्यापर्यंत त्याची बुद्धी पूर्ण उपजत होऊन जाते. फी विचारायची नसते. नवोदयमध्ये सगळं फुकट असतं ना, मग फुकटात शिरायला थोडा खर्च येणारच.

याची लाज वाटत असेल तर साहेबाकडे पाहा. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडात अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन हुशार पोरं ग्रामर स्कूलला आणि उरलेली बहुतेक सेकंडरी मॉडर्नला धाडायचे. पुढं बहुतेक ठिकाणी हा प्रकार गुंडाळला आणि १९९८ मध्ये नवी ग्रामर स्कूल काढायलाच कायद्यानं मनाई केली. तरी जुन्या १६३ शाळा टिकून आहेत, आणि त्या परीक्षेच्या शिकवण्याही. तिकडं चांगल्या शाळेसाठी तिच्या आसपास घर घेतात म्हणे. आपलं काम सासुरवाडीच्या दाखल्यात होतं. एवढ्या बाबतीत तरी आपण पुढं आहोत.

कुणी दीडशहाणा शिक्षण हक्क कायदा काढून दाखवेल. २००९ च्या त्या कायद्यात प्रवेशाच्या वेळी मुलाला चाळणी लावायला मनाई आहे. पहिल्याच वेळी २५ हजारांपर्यंत दंड. त्याला शांतपणे सांगा की त्याच कायद्यात नवोदय, केंद्रीय विद्यालय आणि सैनिकी शाळा यांचा वेगळा प्रवर्ग करून ठेवलेला आहे. चाळणी गल्लीतल्या कॉन्व्हेंटनं लावली तर दंड, सरकारनं लावली तर हॉल तिकीट.

तुम्ही खरोखरच गावात राहत असाल, म्हणजे दाखल्यापुरते नाही, तर तुमच्यासाठी सल्ला वेगळा आहे. तुमची शाळा दोनशिक्षकी. पाच वर्ग दोन खोल्यांत. त्यातले एक गुरुजी सदानकदा मोबाईलवर कसली तरी ऑनलाईन माहिती भरत असतात, नाहीतर मतदारयादी घेऊन घरोघर फिरत असतात. दुसऱ्यांना केंद्रप्रमुखांनी विचारलेलं असतं, ‘यंदा नवोदयला किती लागणार?’ पाचवीतल्या किती पोरांना धड वाचता येतं, हे त्यांना इतक्या आवाजात कुणी विचारत नाही. मग गुरुजी शहाण्या माणसानं करावं तेच करतात. वर्गातले हुशार तीन पोट्टे निवडतात, व्हरांड्यात वेगळे बसवतात आणि खिचडी शिजेपर्यंत त्यांच्याकडून सराव पेपर सोडवून घेतात. उरलेले आत फळ्यावरचं उतरवून काढतात. तुमचं पोरगं व्हरांड्यात आहे की आत, हे चौथीच्या दिवाळीआधी पाहून घ्या. आत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

या पद्धतीला आजवर एकाच माणसाकडून धोका झालेला मी ऐकला आहे. एका गावात एक आजी नातीला घेऊन शाळेत गेली.

‘गुरुजी, आमच्या पोरीले काऊन नाई बसवत वसरीत?’

‘आजी, तिले साताचा पाढा येत नाई.’

‘मंग त्याच्याचसाठी तं धाडतो ना तिले शाळंत.’

अशा आज्यांना शाळा व्यवस्थापन समितीत घेऊ नका.

तुम्ही भामरागडचे किंवा धारणीचे असाल तर आधी भाषा बदलून घ्या. नवोदयचा पेपर वीसेक भाषांत निघतो. गारो आहे, खासी आहे, मिझो आहे. तुमची माडिया नाही, कोरकू नाही. तुमचं पोरगं घरी ज्या भाषेत विचार करतं तिच्यात आरशातली आकृती ओळखायची सोय नाही, तेव्हा त्यानं मराठीत ओळखावी आणि त्यासाठी आधी मराठी ओळखावी. गडचिरोलीची नवोदय घोटला आहे. जिल्ह्याच्या टोकाच्या सिरोंच्याहून निघालात तर शंभरावर किलोमीटर. जिल्ह्याला एक शाळा असं धोरण आहे. जिल्हा एवढा लांबलचक निघाला, तर त्याला दिल्ली काय करणार?

आता वादाची तयारी. पारावर कुणीतरी म्हणेलच की वेचक पोरांची वेगळी शाळा काढली की बाकीच्या शाळा भुईला टेकतात. त्यावर एकच उत्तर द्या: ‘मजुराची पोरगी नवोदयला लागली अन् डॉक्टर झाली.’ आणि हे खोटं नाही. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं मिळतं, एक तृतीयांश जागा मुलींच्या असतात, बारावीपर्यंत घरून फारसं काही मागत नाहीत. निंदणाला जाणाऱ्या बाईच्या पोरीला या सरकारी व्यवस्थेनं याहून चांगलं फार थोडं दिलं असेल. मी हे उपरोधानं म्हणत नाही. पण म्हणूनच हे उत्तर रामबाण आहे. एक डॉक्टर पोरगी समोर उभी केली की तिच्या वर्गात मागं राहिलेल्या पोरींचं काय झालं, हे विचारायला कुणाची जीभ रेटत नाही. विदर्भाचे ११ जिल्हे, प्रत्येकी ८०. म्हणजे भंडाऱ्यापासून बुलढाण्यापर्यंत वर्षाला जास्तीत जास्त ८८० पोरं. एवढ्यांची सोय लागली की बाकीच्या पाचवीची काळजी करायला सरकार मोकळं होतं, आणि मोकळं झाल्यावर ते कमी पटाच्या शाळा मोजायला घेतं.

एक वाक्य मात्र वादात चुकूनही काढू नका. १९८५-८६ मध्ये देशात पहिल्या दोन नवोदय सुरू झाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. मग १९८६ च्या शैक्षणिक धोरणात ही कल्पना पक्की झाली. म्हणजे विदर्भाला या प्रयोगाची चव सगळ्यांत आधी मिळाली. ते न काढायचं वाक्य या शाळांच्या उद्दिष्टांत आहे: नवोदयनं आपले अनुभव आणि सोयी जिल्ह्यातल्या इतर शाळांबरोबर वाटून घ्याव्यात आणि त्यांचा दर्जा वाढवायला केंद्र म्हणून काम करावं. हे कुणी मोठ्यानं वाचलं, तर तुमच्या गावचे गुरुजी सहज विचारतील की चाळीस वर्षांत ती प्रयोगशाळा आमच्याकडे कधी आली होती. येत नाही असं कसं म्हणता? दरवर्षी तुमच्या वर्गातला पहिला नंबर तिकडं जातो. देवाणघेवाण चालूच आहे, फक्त एका बाजूनं.

सरकारलाही ही रीत इतकी आवडली की आता पोरांबरोबर शाळाही निवडतात. २०२२ मध्ये आलेल्या पीएम श्री योजनेत देशभरातून साडेचौदा हजार शाळा आदर्श करायच्या ठरल्या. त्यासाठी शाळेनं अर्ज करायचा, गुण मिळवायचे, स्पर्धेत टिकायचं. जिचं छप्पर गळतं तिनं आधी छप्पर नीट करून अर्ज करावा.

अर्ज ऑनलाईन असतो. शेवटच्या दिवशी भरायला जाऊ नका, सर्व्हर बसतो. परीक्षेच्या दिवशी पोराला अंडं खाऊ घाला, केंद्रावर लवकर न्या, बाहेरच्या पालकांशी बोलू नका. त्यांच्यातला प्रत्येकजण तुमच्याच गावचा रहिवासी निघण्याची शक्यता असते. नंबर लागला तर फ्लेक्स काढा. वर आमदार, मधे सरपंच, खाली क्लासचे संचालक, आणि जागा उरलीच तर पोरगं.

नाही लागला, तर सहावीसाठी पुन्हा बसता येत नाही. दहा-अकरा वर्षांच्या जिवाला एकच संधी असते. पण नापास झाला असं घरात कुणाला म्हणू देऊ नका. निकालात निवड झाली की नाही, एवढंच दिसतं. याचा फायदा घ्या आणि पाहुण्यांना सांगा, एका मार्कानं हुकला. आपल्या तालुक्यात आजवर जेवढी पोरं हुकली ती सगळी एकाच मार्कानं हुकली आहेत, त्यामुळे कुणी शंका घेणार नाही.