तीस वर्षांची वहिवाट (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. इटलीतल्या पेरूजा विद्यापीठात मी इटालियन शिकले, त्यावरच्या लेखाखाली आपण लिहिलंत, "तीन वर्षं आणि एवढा पैसा घालून विद्यापीठात इटालियन कशाला शिकायची? अ‍ॅपवर सहा महिन्यांत बोलता येतं. आणि बोलतो कोण, एकच देश! नोकरीसाठी भाषा हवी तर जर्मन घ्यावी. माझी मुलगीही हाच हट्ट धरून बसली आहे." प्रश्न मुलीच्या काळजीतून आलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वित्झर्लंडच्या तिचिनोत आणि सान मारिनोतही इटालियन चालते, पण ते राहू दे. निव्वळ नोकरीसाठी भाषा हवी असेल तर जर्मन घ्यावी, हे आपलं म्हणणं मला मान्य आहे.

अ‍ॅपचं मात्र पटत नाही. पेरूजात भाषेच्या इतिहासाच्या तासाला आम्हाला एका जुन्या कागदाची झेरॉक्स दिली होती. मार्च ९६०, दक्षिण इटलीतलं कापुआ. मोंते कास्सीनोच्या मठाचा जमिनीवरून दावा चालला होता. कागद सगळा लॅटिनमध्ये, पण साक्षीदारांचं वाक्य लोकांच्या बोलीत: 'साओ को केल्ले तेर्रे...' म्हणजे, मला ठाऊक आहे, त्या जमिनी, इथे दिलेल्या हद्दींसकट, तीस वर्षं मठाच्या ताब्यात होत्या. इटालियन भाषेचा जन्मदाखला म्हणतात तो हाच. कविता नाही, प्रार्थना नाही, वहिवाटीची साक्ष! सातबाऱ्यावरून भांडणारी माणसं पाहत मोठी झालेली मी, ते वाचून अंगावर काटा आला.

तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री मी ते वाक्य स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणत होते. माझ्याबरोबर काझेर्ताकडची एक मुलगी राहायची. कापुआ तिच्याच जिल्ह्यात. कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "साओ? आमच्याकडे कुणी असं म्हणत नाही. साच्चो म्हणतात." या एका शब्दावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत: तिकडच्या बोलीत 'साच्चो' असताना कागदावर 'साओ' कसा आला? तिने कांद्यावरची नजरही न उचलता तोच प्रश्न विचारला.

अ‍ॅप 'मला ठाऊक आहे'साठी 'सो' शिकवतं. बरोबरच आहे ते. पण ती आईशी फोनवर 'साच्चो' म्हणायची, तेव्हा ते अशुद्ध नाही, लॅटिनच्या 'सापिओ'पासून सरळ चालत आलंय, हे मला वर्गात कळलं. १८६१ साली इटली एक झाली तेव्हा शंभरात जेमतेम अडीच माणसांना इटालियन येत होती, असा भाषाशास्त्रज्ञ तुलिओ दे माउरो यांचा अंदाज आहे. बाकीचे सगळे आपापल्या बोलीत जगत होते. ती घरं अजून आहेत, आणि नुसत्या 'सो'वर त्यांच्या ओसरीपर्यंतच जाता येतं.

मुलीला मला लिहायला सांगा. ती झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे, समासात 'साच्चो' लिहिलेली. पाठवते.