कचऱ्याची वीज करू इच्छिणाऱ्यास

शहराच्या कचऱ्यापासून इंधनाच्या कांड्या पाडून त्यांवर वीज निर्माण करण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर सर्वप्रथम ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याच्या फंदात पडू नये. घनकचरा नियमांत तो वेगळा करावा असे लिहिले आहे खरे. परंतु आपले कंत्राट टनावर असेल, तर कलिंगडाची साल, शहाळ्याचे पाणी आणि आषाढातला पाऊस यांचेही पैसे वजनकाट्यावर पदरात पडतात, आणि कचरा वाळवला की तेच पैसे वाफ होऊन उडून जातात.

ओला कचरा जळत नाही, अशी शंका एखादा अभियंता काढीलच. त्याला दिल्लीच्या तिमारपूरचा दाखला द्यावा. तेथे 1980 च्या दशकात डेन्मार्कचे तंत्र आणून रोज 300 टन कचऱ्यावर पावणेचार मेगावॉट वीज करण्याचा घाट घातला होता. भट्टीला किलोमागे 1,460 किलोकॅलरींच्या आसपास उष्णता अपेक्षित होती. दिल्लीकरांच्या कचऱ्यात माती आणि ओलच इतकी, की हाती त्याच्या निम्मीच लागली. भट्टी 21 दिवसांत थंडावली. म्हणजे तीन आठवडे तरी चाललीच की!

कचरावेचकांना मात्र फाटकाबाहेर ठेवावे. कागद, पुठ्ठा आणि प्लास्टिक, म्हणजे कचऱ्यातले जे काही खरोखर जळते, नेमके तेच या बायका हाताने निवडून पुनर्वापरासाठी विकतात. त्यांचे काम बंद पाडून त्याच कामासाठी परदेशी यंत्र आणावे. त्याचे उद्घाटन तरी करता येते. पीव्हीसी प्लास्टिकचे तुकडे निवडून काढण्याचा आग्रह धरू नये. त्यातल्या क्लोरिनने बॉयलरच्या नळ्या खाल्ल्या, तर तो देखभालीच्या कंत्राटदाराचा प्रश्न.

कांड्यांचा उष्मांक कमी भरू लागल्यास विदर्भातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडे, आठवाव्यात. औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवइंधन मिसळावे, असे केंद्राने 2021 मध्ये सांगितलेच आहे. पऱ्हाटी वाळली की झकास पेटते. तिची कुट्टी करून दाबलेल्या कांडीला लोक पांढरा कोळसा म्हणतात तो उगीच नव्हे. अडचण इतकीच, की कुट्टी न करता तिने ट्रक शिगोशीग भरला तरी त्यात निम्म्याहून अधिक हवाच असते आणि डिझेल मात्र पूर्ण ट्रकाचे लागते. म्हणून पऱ्हाटीची एकच कांडी करावी आणि ती प्रयोगशाळेत नमुना म्हणून पाठवावी.

उरलेला माल उघड्यावर रचून ठेवावा. पहिल्याच पावसात कांड्या फुगतात, फुटतात आणि त्यांचा पुन्हा कचरा होतो. तो ट्रकात भरून वजनकाट्यावर आणण्यास आपणांस कोणी अडवलेले नाही.